बांधाशी थांबलेला रस्ता

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावला लागून तिघा भावांची मिळून 3 एकर 20 गुंठे जमीन आहे. उत्तरेला मोठा रस्ता, पूर्वेला आणि दक्षिणेला लेआउट झालेले, म्हणजे शेतात रस्ते आखून घरांसाठी प्लॉट पाडलेले, पश्चिमेला अजून भात. दक्षिणेच्या लेआउटमधला 30 फुटी रस्ता सरळ बांधापर्यंत येतो आणि भिंतीला अडतो. घरातली मुलं त्या भिंतीपलीकडच्या शाळेत जातात. बांधावरून अडीचशे मीटर, गाडीने मोठ्या रस्त्याने वळसा घालून 1700 मीटर. आता भावांना लेआउट करायचाय. इंजिनिअर म्हणतो, "भिंत राहू दे, उत्तरेला एकच गेट करू, शांत वसाहत म्हणून दर चांगला येतो." भावांना वाटतं वाटणी करून ज्यानं त्यानं आपापलं बघावं. आणि शेवटी विचारलंय की रस्ते जोडणं खरंच एवढं महत्त्वाचं असतं, की हे सगळं पुस्तकातलं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दक्षिणेचा रस्ता जोडा. गेट करू नका. आणि वाटणी आत्ता करू नका. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तो समजायला आधीचे दोन लागतात.

मी गेली तीसेक वर्षं बेळगाव आणि आसपासच्या गावांत लेआउटचे नकाशे काढतो. तुमच्या इंजिनिअरसारखा सल्ला मीही दिलाय. नव्वदच्या दशकात एका लेआउटमध्ये दक्षिणेकडच्या रस्त्याच्या टोकाला मालकानं 30 बाय 50 फुटांची एक साइट, म्हणजे प्लॉट, घालायला सांगितली. रस्ता पुढच्या शेतापर्यंत नेला असता तर ती साइट गेली असती. मी पेन्सिलीनं रस्ता खोडला आणि साइट घातली, दोन मिनिटांचं काम. साइट विकली गेली, घर झालं, पुढच्या शेताचाही लेआउट झाला, आणि दोन्हींच्या मध्ये सात फुटी भिंत उभी राहिली, वर काचा लावलेली.

मध्यंतरी त्या बाजूला मोजणीला गेलो होतो. घराच्या कडेला भिंतीचा जो चार फूट तुकडा उघडा आहे, तिथल्या काचा कुणीतरी दगडानं ठेचून सपाट केल्यात. वर सिमेंटचं पोतं दुमडून टाकलंय. अलीकडे दोन ब्लॉक एकावर एक, पलीकडे ट्रॅक्टरचा जुना टायर. मी उभा असताना एक बाई आल्या, हातातली पिशवी भिंतीवर ठेवली, पदर खोचला, चढल्या आणि उतरल्या. मी विचारलं, रोज असंच? म्हणाल्या, "मग काय करूचं? फिरून गेलं तर रिक्षाला पैसे." माझ्या पेन्सिलीचे दोन मिनिट त्या बाई रोज फेडतात.

आता तुमच्या जमिनीचा हिशोब. तुम्ही पाठवलेल्या मापाप्रमाणे ती साधारण 250 फूट रुंद आणि 610 फूट लांब आहे, लांबी उत्तर-दक्षिण. अशा पट्टीत नेहमीची मांडणी अशी बसते: दोन्ही कडांना 40 फूट खोलीच्या साइट, मग 30 फुटी रस्ता, मध्ये पाठीला पाठ लावून 55-55 फुटांच्या दोन रांगा, परत रस्ता. बेरीज बरोबर 250 येते. म्हणजे उत्तर-दक्षिण दोन रस्ते. इंजिनिअर म्हणतो तसं दक्षिण टोक बंद केलं तर प्रत्येक रस्त्याच्या तोंडावर एक एक 30 बाय 50 ची साइट वाढते, 1500 चौरस फूट. गुंठा 33 बाय 33 चा, 1089 फुटांचा. तर एक टोक उघडं ठेवायची किंमत दीड गुंठ्याहून कमी, तुमच्या एकूण जमिनीच्या सुमारे एक टक्का. एवढ्यासाठी सगळी चर्चा आहे.

दक्षिणेचा रस्ता भिंतीला जिथं भिडतो, त्याच्या सरळ रेषेत तुमचा पश्चिमेचा रस्ता घ्या. अगदी रेषेत. दहा-पंधरा फूट इकडेतिकडे झालं की नागमोडी जोड तयार होतो आणि तिथं कायम दुचाक्या आपटतात. पूर्वेचा रस्ता दक्षिणेला नेण्यात अर्थ नाही, कारण समोर घरं आहेत. त्याच्या टोकाला उद्यानाची जागा ठेवा. उद्यान तुम्हाला द्यावंच लागणार आहे, मग ते आग्नेय कोपऱ्यात द्या आणि पूर्वेच्या लेआउटच्या बाजूनं त्याला दुसरं फाटक ठेवा. वाहन जाणार नाही, माणूस जाईल. साधारण मधोमध, उत्तरेपासून 300 फुटांवर एक आडवा रस्ता घ्या आणि तो पश्चिमेच्या बांधापर्यंत न्या. आज तिथं भात आहे, पण दहा वर्षांनी नसेल. त्या तोंडाला 40 बाय 30, म्हणजे 1200 फूट जातील. ते नको वाटलं तर निदान 10 फुटी बोळ सोडा, 400 फुटांत भागतं. बोळ हा शब्द नव्या नकाशांतून गेलाच आहे. जुन्या बेळगावात गल्ल्या एकमेकींना बोळांनीच शिवलेल्या आहेत, आणि बाजारात गाड्या अडकून पडल्या तरी माणसं पोचतात ती त्यांच्यामुळेच.

"शांत वसाहत" या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या रस्त्यावर गाड्या कमी येतात, मुलं क्रिकेट खेळतात, आणि सुरुवातीला त्या साइट लवकर खपतात हे मीही पाहिलंय. पण ही शांतता फुकट येत नाही, ती मोठ्या रस्त्यावर ढकललेली असते. प्रत्येक लेआउटला एकच तोंड असलं की दूध आणायला निघालेला, शाळेला निघालेला आणि गोव्याला निघालेला असे तिघेही त्याच मोठ्या रस्त्यावर येतात. खानापूर रोड किंवा वेंगुर्ला रोड संध्याकाळी तुंबतो, त्यातली निम्मी गर्दी लांबच्या प्रवासाची नसते, शेजारच्या वसाहतीत जाणाऱ्यांची असते असं माझं मत आहे. त्यांना आतून रस्ताच नाही. मग सगळे म्हणतात, रिंगरोड पाहिजे. रिंगरोडनं बाहेरचे ट्रक बाहेर जातील, पण अडीचशे मीटरवरच्या शाळेला तो काय उपयोगी?

शांतता हवीच असेल तर गाड्यांसाठी रस्ता अरुंद करा, गतिरोधक घाला, टोकाला दगडी खांब रोवा. पायी आणि सायकलनं जाणाऱ्याला वाट असली पाहिजे. चोरीची भीती लोक काढतात. खरं सांगायचं तर चोराला भिंत चढता येते, आजीला येत नाही.

आणखी एक गोष्ट इंजिनिअरला विचारा. जमिनीचा उतार दक्षिणेला आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पावसाचं पाणी, गटार आणि पुढेमागे येणारं ड्रेनेज, तिघांनाही दक्षिणेलाच जायचंय. तिथं साइट घालून भिंत ठेवली तर पाणी कुठून नेणार? शेवटच्या दोन घरांच्या अंगणातून? 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात कुठं कुठं पाणी शिरलं ते आठवा. सगळा दोष नाल्याचा नव्हता, नाल्यापर्यंत पाणी पोचायच्या वाटाही आपणच बुजवल्या होत्या. नळाचंही तसंच. आंधळ्या रस्त्यातली पाइपलाइनही आंधळी असते. टोकाला पाणी साचून राहतं, गाळ बसतो, दाब कमी येतो, आणि मध्येच फुटली तर पुढची सगळी घरं कोरडी. रस्ते जोडलेले असले की पाइपलाइनचं कडं करता येतं, एका बाजूनं बंद केलं तर दुसऱ्या बाजूनं पाणी येतं. कचऱ्याची गाडी आत शिरून उलटी मागं यावी लागते, तेव्हा ती हळूहळू आत येईनाशी होते. बस तर येतच नाही. वळायला जागा नसेल तिथं वायव्य परिवहनची गाडी कशाला शिरेल?

हे पुस्तकातलं का, असं विचारलंत. पुस्तकात आहे, पण मोजायला पुस्तक लागत नाही. रस्त्यानं पडणारं अंतर घ्या, सरळ रेषेतल्या अंतरानं भागा. चौकोनी आखणीच्या वस्तीत हा आकडा जास्तीत जास्त 1.41 होतो, कारण काटकोनात जायचं म्हटलं तरी त्याहून लांब पडूच शकत नाही. तुमच्या मुलांचा आकडा 1700 भागिले 250, म्हणजे 6.8. दुसरं माप: नकाशावर चौक आणि रस्त्यांची टोकं मोजा, मग त्यांना जोडणारे रस्त्याचे तुकडे मोजा. चार बाय चारच्या चौकोनी आखणीत 16 चौक आणि 24 तुकडे येतात, गुणोत्तर दीड. झाडाच्या फांद्यांसारखी मांडणी असेल तर तेवढ्याच 16 ठिकाणांना 15 तुकडे, म्हणजे एकाहूनही कमी. तिथं कुठलाही एक तुकडा खणला की पलीकडचे सगळे अडकले.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांचे नकाशे आणि उपग्रहाची माहिती जुळवून 2020 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1975 नंतर जगात बऱ्याच ठिकाणी नवे रस्ते आधीच्यापेक्षा कमी जोडलेले होत चालले आहेत, हा त्यातला निष्कर्ष. आणि पहिल्यांदा रस्ता जसा पडतो तसाच पुढं राहतो, हा दुसरा. दुसरा मला जास्त पटतो. घरं पाडून अपार्टमेंट होतात, दुकानाचं हॉस्पिटल होतं, पण रस्त्याची रेघ कोण हलवणार? बेळगावच्या टिळकवाडीतल्या सोमवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ फिरून बघा. बंगले जाऊन मजले चढले, रस्ते तेच आहेत, म्हणून आजही एका पेठेतून दुसरीत चालत जाता येतं.

जाता जाता एक. आज बेळगावातच असलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजी अमलात. दोन राज्यं, म्हणूनच आपल्याकडे खडेबाजारही दोन. ती हद्द आज कुणाला सापडतही नाही. रेल्वेचा रूळ मात्र अजून जाणवतो, कारण तो ओलांडायच्या जागा मोजक्याच. कॅम्पचंही तेच, 1832 पासूनची लष्कराची जागा, पश्चिमेला जाणाऱ्यानं तिच्या कडेनंच जायचं. रूळ आणि कॅम्प हलवणं आपल्या हातात नाही. म्हणून बाकीच्या भिंती तरी कशाला वाढवायच्या?

पण शहर असं का पसरतं, याचं मूळ विकासकाच्या हावरटपणात आहे असं म्हणून सुटका होत नाही. मूळ जमिनीच्या उताऱ्यात आहे. आपल्या जमिनी मुंबई इलाख्याच्या मोजणीच्या वेळी सर्व्हे नंबरांत बांधल्या गेल्या, पुढं पिढ्या वाढल्या तसे हिस्से पडत गेले. वाटणी करताना आपण लांबीत करतो, कारण प्रत्येकाला रस्त्याचा कोपरा आणि विहिरीचं पाणी हवं असतं. शेतीसाठी ते बरोबरच होतं. पण शहर येतं तेव्हा ते या पट्ट्यांवरूनच येतं, एक एक करून, आज ही, पाच वर्षांनी ती. प्रत्येक पट्टीचा मालक वेगळा, नकाशा वेगळा, आणि प्रत्येक नकाशा स्वतःच्या बांधावर संपतो. बांधापलीकडं कोरा कागद. कृषीतर, म्हणजे बिगरशेती परवानगी कर्नाटकाच्या 1964 च्या महसूल कायद्याच्या कलम 95 खाली एका सर्व्हे नंबरपुरती मिळते. लेआउटची मंजुरी 1961 च्या नगररचना कायद्याच्या कलम 17 खाली, तीही त्या तुकड्यापुरती. मास्टर प्लॅनमध्ये मोठे रस्ते दाखवलेले असतात, पण ह्या 30 फुटी रस्त्यांनी एकमेकांना भेटावं की नाही, हे नकाशा काढणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या मनावर राहतं. शहराबाहेर गुंठ्यानं विकलेल्या वस्त्यांची अवस्था उलटी असते. तिथं पायवाटा भरपूर, पण 12 फुटी रस्त्यात अग्निशमनाची गाडी शिरत नाही.

ह्या सगळ्यात सर्वांत आधी मरते ती पाणंद, शेतांमधली जुनी गाडीवाट. भूमापन खात्याकडून गावचा नकाशा काढून घ्या. त्यात तुटक रेघांनी गाडीवाटा दाखवलेल्या असतात, गावातून शिवारात, शिवारातून पुढच्या गावात. येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या बासमतीच्या शिवारांतून ह्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. शंभर-दीडशे वर्षं बैलगाड्यांनी शोधून ठेवलेले हे जोड आहेत, नवे आखायची गरजच नाही. उताऱ्यावर अशी वाट किंवा ओढा पोटखराब "ब" म्हणून नोंदलेला असतो. ती जमीन सार्वजनिक वापराची, मालकाला विकता येत नाही. तरी नकाशात ती साइटमध्ये गडप होते, कारण जागेवर गवत वाढलेलं असतं आणि विचारणारं कुणी नसतं. तुमच्या पश्चिम बांधाला "ब" खराब आहे का ते आधी पाहा. असेल तर तुमचा आडवा रस्ता तिथंच उघडा, वेगळी जागा सोडायचीही गरज नाही.

आता ती दक्षिणेची भिंत. तिची चौकशी बुडाकडे, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे, त्या लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत मागून सुरू करा. देत नसतील तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाका. नकाशात रस्ता हद्दीपर्यंत गेलेला असेल, तर तो हद्दीपर्यंत सार्वजनिक आहे. लेआउट मंजूर होताना रस्ते आणि उद्यानं मोफत सोडून द्यावी लागतात, त्याचा हक्कसोड दस्त होतो. मग त्या रस्त्याच्या तोंडावरची भिंत कुणाच्या खासगी जागेवर नाही, आणि ती काढायचा अर्ज तुम्हाला करता येतो. अर्जाला तुमचा स्वतःचा नकाशा जोडा, तुमचा रस्ता तिथं येऊन मिळतोय असा. नुसती भिंत काढा म्हटलं तर पलीकडचे लोक विरोध करतील. दोन्हीकडून रस्ता येतोय दिसलं तर तितकं बोलणार नाहीत.

एका युक्तीपासून मात्र सावध राहा. काही लेआउटवाले रस्ता हद्दीच्या एक-दोन फूट अलीकडे थांबवतात आणि ती चिंधी स्वतःच्या नावावर ठेवतात. नकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, माप धरल्यावर कळतं. पुढं शेजारच्याला रस्ता हवा झाला की त्या दोन फुटांचा भाव सांगतात. तुमच्याकडं असं निघालं तर भाव देण्याआधी हक्कसोड दस्तातली मापं तपासा. बऱ्याचदा नकाशात चिंधी आहे आणि दस्तात नाही, किंवा उलटं. आणि तुमच्या इंजिनिअरनं ही युक्ती पश्चिमेच्या बाजूला सुचवली तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

गेटचं एका वाक्यात: रस्ते सोडून दिल्यावर ते तुमचे राहत नाहीत, त्यामुळं त्यांवर गेट बसवायचा हक्क ना तुम्हाला, ना साइट घेणाऱ्यांना.

राहिली वाटणी. तुम्ही तिघांनी 250 फुटांचे तीन भाग केले तर प्रत्येकाला 83 फूट रुंद आणि 610 फूट लांब पट्टी येते. तीन मालक, तीन लेआउट, प्रत्येकात 30 फुटी एक रस्ता. रस्ता काढल्यावर 53 फूट उरतात. म्हणजे एकाच बाजूला साइटची रांग, दुसऱ्या बाजूला भावाची भिंत. तीन रस्त्यांखाली 54,900 चौरस फूट जातात, जमिनीच्या 36 टक्के. एकत्र आखलं तर दोन रस्त्यांत 36,600 फुटांत काम होतं, 24 टक्के. फरक 18,300 फुटांचा, जवळजवळ 17 गुंठे, 30 बाय 40 च्या पंधरा साइट. तुमचा इंजिनिअर दीड गुंठा वाचवायला दक्षिणेचं तोंड बंद करा म्हणतो, आणि वाटणीत 17 गुंठे जाताहेत त्याबद्दल बोलत नाही. वर तिन्ही रस्ते आंधळे, आणि तीन भाऊ असलेल्या कुटुंबात सर्वांत लांबचा प्रवास एका भावाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात.

जमीन एकत्र आखून मग वाटायची ही कल्पना माझी नाही. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, आणि मुंबईच्या 1915 च्या नगररचना कायद्यात हेच तत्त्व होतं: सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आणि मोकळ्या जागा आखायच्या, मग ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला नीट आकाराची जागा परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, किंमत वाढते. गुजरातेत हा मार्ग आजही जोरात चालतो. आपल्याकडं सरकार करील म्हणून वाट बघत बसलात तर नातवंडं भिंती चढतील. तुम्ही तिघं भाऊ मात्र साडेतीन एकरांत हे उद्या करू शकता, आणि पश्चिमेच्या भातवाल्याला बोलावून त्याचा आडवा रस्ता तुमच्या रेषेत घेतलात तर सात-आठ एकरांत.

तेव्हा सामाईक नावावरच कृषीतर करा, एकच नकाशा मंजूर करून घ्या आणि मंजुरीनंतर साइटची वाटणी करा. त्याआधी तिघांत आणि बहिणींचा हक्क असेल तर त्यांच्यासह एक नोंदणीकृत करार करा, त्यात कुणाला किती टक्के आणि खर्च कोण कसा देणार ते लिहा. मोठा भाऊ आहे म्हणून तोंडी सोडू नका. साइट वाटताना चिठ्ठ्या टाका, पण कोपऱ्याच्या, उद्यानासमोरच्या आणि आतल्या साइटच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या तीन डब्यांत ठेवा आणि प्रत्येकाला तिन्ही डब्यांतून उचलू द्या. माझ्या माहितीतल्या एका घरात सगळ्या एकाच डब्यात टाकल्या, धाकट्याला कोपऱ्याच्या चार निघाल्या, आणि त्या लेआउटचा उतारा अजून कोर्टात आहे.